पानओवा: कुंडीतलं पान पोटासाठी कसं वापरावं, आणि कधी वापरू नये

पानओव्याच्या रोपाला आपल्याकडे सहसा कुणी पैसे मोजत नाही. शेजारी जायचं, "काकू, ह्याची एक फांदी नेऊ का?" म्हणायचं, की काकू फांदी मोडून हातात देतात आणि वर सांगतात, "भजी छान होतात हो. आणि पोट दुखलं तर एक पान चावून खा." माझ्याकडचं रोपही असंच आलं. चिपळूणला आजीच्या मागच्या पडवीशी होतं, तिथून आईकडे, आईकडून माझ्या गच्चीवर.

पण काकूंच्या दुसऱ्या वाक्यात बरंच काही सांगायचं राहून जातं. पोट दुखलं म्हणजे नेमकं कुठे? जेवण जड होऊन फुगलं की छातीखाली आग पडली? एक पान की पाच? कच्चं की उकळून? आणि सहा महिन्यांच्या बाळाला? आजीला या सगळ्याची उत्तरं ठाऊक होती, कारण ती पान खुडायच्या आधी दोन-चार प्रश्न विचारायची. "काय खाल्लंस? शौचाला झाली का? कुठं दुखतंय, बोट ठेवून दाखव." पान आपल्यापर्यंत आलं, ते प्रश्न मात्र मागे राहिले. म्हणून हा लेख.

आधी पान ओळखा

पहिला घोटाळा नावातच आहे. डब्यातला ओवा ज्या झाडाला येतो ते झाड वेगळं. ते कोथिंबीर, जिरं, शेपू यांच्या कुळातलं, एका हंगामात संपणारं आणि शेपूसारख्या बारीक पानांचं. राजस्थान आणि गुजरातेत त्याचं मोठं पीक घेतात. आपल्या कुंडीतला पानओवा तुळस आणि पुदिन्याच्या कुळातला आहे. कितीही वर्षं सांभाळला तरी त्याला मसाल्याचा ओवा धरणार नाही. दोघांचा वास एवढा सारखा येतो, कारण दोघांच्या सुगंधी तेलात थायमॉल आणि कार्व्हाक्रोल ही द्रव्यं असतात. दोन्हींत अणू तेच आणि तेवढेच, फक्त एका गटाची जागा बदललेली. नाकाला ती बहिणी-बहिणी वाटतात. संस्कृतात पानओव्याला पर्णयवानी म्हणतात. यवानी म्हणजे ओवा, तेव्हा हे नावही वासावरूनच पडलेलं आहे.

शास्त्रीय नाव कोलियस ॲम्बॉइनिकस. लुरेरो नावाच्या पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूने १७९० मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून नाव ठेवलं. पुढे बरीच वर्षं ते प्लेक्ट्रँथस या नावाखाली गेलं, त्यामुळे नर्सरीच्या पाटीवर दोन्ही नावं दिसतात. मूळ घर आफ्रिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागातलं मानतात. फांदी खोचली की जगते, म्हणून माणसाबरोबर ते जगभर फिरलं. कानडीत दोड्डपत्रे, तमिळमध्ये कर्पूरवल्ली किंवा ओमवल्ली, मल्याळममध्ये पनिकूर्क. दक्षिणेत ते आपल्याकडच्यापेक्षा जास्त रुळलेलं आहे आणि त्याचा सगळ्यात चांगला पदार्थ आपल्याला तिथूनच मिळाला. त्याकडे पुढे येतेच.

दुसरा घोटाळा जास्त महत्त्वाचा आहे. पानओव्याला काही जण पाथरचूर म्हणतात आणि पानफुटीलाही काही भागांत हेच नाव आहे. पानफुटी म्हणजे जिच्या पानाच्या कडेवरून इवली इवली रोपं फुटतात ती. दोघींची पानं जाड आणि रसाळ, दोन्ही कुंडीत वाढणाऱ्या, त्यामुळे फोनवर "पाथरचूरची पानं उकळून घे" असं कुणी सांगितलं की घरात भलतंच पान उकळलं जाऊ शकतं. पानफुटीच्या वर्गातल्या झाडांमध्ये हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. गुरांनी ती झाडं जास्त खाल्ली तर विषबाधा होते. तेव्हा फक्त नावावर जाऊ नका. पान हातात घेऊन हे तपासा:

- पान चुरडा. पानओवा असेल तर ओव्याचा झणझणीत वास लगेच नाकात शिरतो. पानफुटीला असा वास नसतो.
- पानावरून अंगठा फिरवा. पानओवा मखमली, बारीक लव असलेला. पानफुटी गुळगुळीत.
- कडा पाहा. पानओव्याची कड गोलसर दातऱ्यांची असते आणि तिच्यातून रोपं फुटत नाहीत.
- देठ वाकवा. पानओव्याचा देठ रसाळ असतो आणि कट्‌कन मोडतो. पानं समोरासमोर जोडीने येतात.

वास नसेल तर ते पान तोंडात घालायचं नाही. पांढऱ्या कडेचा, शोभेसाठी विकला जाणारा पानओवाही असतो. तो याच जातीतला. लाल-जांभळ्या पातळ पानांचा शोभेचा कोलियस मात्र वेगळा, तो खायचा नाही.

आणखी एक. नर्सरीतून नवीन रोप आणलं असेल तर त्यावर कोणती फवारणी झाली आहे, मातीत कोणते दाणे टाकले आहेत, ते आपल्याला कळत नाही. मी अशा रोपाची पानं खात नाही. फांदी छाटून स्वच्छ मातीत लावते, जुनी पानं काढून टाकते आणि त्यानंतर फुटलेली नवीन पानंच स्वयंपाकघरात आणते. दीड-दोन महिने थांबावं लागतं, आणि मी थांबते.

हे पान कोणत्या दुखण्याचं आहे

जेवण जड झालं, पोट तडस लागल्यासारखं फुगलं, ढेकर अडकलाय, आतड्यांत गुडगुड होतेय, मधूनच मुरडा येतोय पण वारा सरला की बरं वाटतं. हे पानओव्याचं खरं क्षेत्र. वैद्यांच्या भाषेत दीपन, पाचन आणि वातानुलोमन, म्हणजे भूक चेतवणं, अन्न पचवणं आणि वायूला खालची वाट दाखवणं. तिखट, सुगंधी चवीने तोंडाला लाळ सुटते, पोटाला जाग येते. अशा सुगंधी तेलांनी आतड्याचा पीळ सैल पडतो, असा ओवा, बडीशेप, पुदिना या सगळ्यांबद्दलचा जुना अनुभव आहे. प्रयोगशाळेत कार्व्हाक्रोल आणि थायमॉल जंतूंची वाढ रोखतात हे नीट सिद्ध झालेलं आहे. पण काचेच्या बशीतला जंतू आणि आपल्या पोटातला जंतू यांत फार अंतर आहे. बशीत वापरतात ते काढलेलं तेल, आपण खातो ते एक पान. म्हणून "पानओवा खाल्ला की पोटाचा संसर्ग बरा होतो" असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही आणि मी तसं कुणाला सांगत नाही.

आता उलट बाजू. घशाशी आंबट येतंय, छातीच्या मध्याखाली आग होतेय, उपाशीपोटी जास्त दुखतंय, तर हे पान तुमचं नाही. पानओवा उष्ण आणि तिखट आहे. नुसतं चावलं तरी जीभ चुरचुरते, मग आधीच लाल झालेल्या जठराला ते काय करेल याची कल्पना करा. माझ्या धाकट्या जावेने आम्लपित्तावर सलग तीन दिवस सकाळी उपाशीपोटी काढा घेतला होता, कुठल्याशा चित्रफितीत पाहून. चौथ्या दिवशी तिला पाणीही उतरेना. काढा बंद केला, डॉक्टरांची गोळी घेतली, तेव्हा आठवड्याने ती नीट जेवू लागली. झाड चांगलं होतं, दुखणं ओळखण्यात चूक झाली होती.

बद्धकोष्ठावरही याची फार मदत होत नाही. तिथे पाणी, पालेभाजी, चालणं आणि रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका जास्त कामाच्या.

पद्धत पहिली: नुसतं पान

सगळ्यात सोपी आणि मोठ्या माणसांसाठी बहुतेक वेळा पुरेशी. लग्नाच्या पंगतीनंतर किंवा मोदकांच्या दिवशी रात्री हीच करावी.

१. हाताच्या अंगठ्याएवढं मध्यम, कोवळं पान खुडा. तळाची जून, पिवळसर पानं कडवट लागतात.

२. पानाच्या लवेत धूळ अडकते, त्यामुळे नुसतं नळाखाली धरून भागत नाही. वाटीभर पाण्यात चिमूट मीठ घाला, पान पाच मिनिटं बुडवा, मग दोन्ही बाजूंनी बोटाने चोळून धुवा. मागची बाजू नक्की बघा, पिठ्या ढेकूण (झाडावरची पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) तिथेच बसतो.

३. पानावर चिमूटभर सैंधव आणि चिमूटभर भाजलेलं जिरं ठेवून विड्यासारखी घडी करा.

४. जेवणानंतर अर्ध्या तासाने सावकाश चावा. रस गिळा. चोथा नको वाटला तर थुंका, हरकत नाही.

५. वर अर्धा पेला कोमट पाणी.

एका वेळी एक पान, फार तर दोन. जीभ थोडी बधिर झाल्यासारखी वाटेल, ती थोड्या वेळाने पूर्ववत होते. तोंड आलं असेल, हिरड्या सोलवटल्या असतील तर हा प्रकार टाळा.

पद्धत दुसरी: काढा म्हणतो आपण, पण तो फांट असायला हवा

आयुर्वेदात वनस्पतीपासून औषध करण्याच्या पाच मूळ रीती सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथ म्हणजे आपला काढा, पाणी आटवून केलेला. मुळं, साली, खोडं यांच्यासाठी तो योग्य, कारण त्यांच्यातला अंश सुटायला वेळ लागतो. फांट म्हणजे उकळत्या पाण्यात वस्तू टाकून, झाकून ठेवून, नंतर गाळणं. कोवळ्या, वासाच्या पानांना फांट शोभतो. पानओव्याचा गुण त्याच्या उडून जाणाऱ्या तेलात आहे. तुम्ही पंधरा मिनिटं उघड्या पातेल्यात खळाखळा उकळलंत आणि घरभर ओव्याचा वास दरवळला, तर जे पोटात जायचं ते हवेत गेलं.

एका माणसासाठी:

१. तीन मध्यम पानं वरच्यासारखी धुऊन हातानेच तोडून तुकडे करा.

२. दीड कप पाणी उकळा. हवं तर त्यातच आल्याचा नखाएवढा ठेचलेला तुकडा आणि पाव चमचा जिरं टाकून दोन-तीन मिनिटं उकळू द्या. आलं आणि जिरं उकळी सोसतात, पान नाही.

३. गॅस बंद करा. आता पानं टाका आणि लगेच घट्ट झाकण ठेवा. सात-आठ मिनिटं झाकण उघडायचं नाही.

४. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पुन्हा पातेल्यात निथळू द्या. वास त्यांतच असतो.

५. गाळा, चिमूट सैंधव घाला, कोमट असतानाच घोट घोट घ्या.

पोट फुगलेलं असताना दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तेही जेवणानंतर. दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर काढा वाढवत नेऊ नका, थांबा आणि दाखवा. रोज सकाळी "डिटॉक्स" म्हणून महिनोन्‌महिने घेण्याची ही वस्तू नाही. आमच्या घरी कुणीही तशी घेतलेली मला आठवत नाही.

मध घालायचा असेल तर पेय कोमट झाल्यावर घाला. दुधाच्या चहात ही पानं टाकणारे लोक मी पाहिले आहेत. चव बरी लागते, पण गच्च पोटावर दूध-साखर हा उलटा उपाय आहे.

पद्धत तिसरी: तंबळी, माझ्या मते पानओव्याचं सगळ्यात शहाणं रूप

कर्नाटकाच्या किनारपट्टीत आणि मलनाडात, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागात, ताक-खोबऱ्यातला हा गार पदार्थ घरोघरी होतो. कानडीत तंबुळी. कारवार-गोव्याकडच्या सारस्वत घरांत तंबळी. कधी ब्राह्मीची, कधी डाळिंबाच्या सालीची आणि दोड्डपत्रेची तर हमखास. पानाचा तिखटपणा तुपात नरमतो, खोबरं त्याला मऊ करतं, ताक पचनाला हात देतं. औषध आणि जेवण यांतली रेघच पुसली जाते. ज्यांना काढा उष्ण पडतो त्यांनाही ही बरेचदा मानवते.

चार जणांसाठी:

१. दहा-बारा मध्यम पानं धुऊन, फडक्यावर टिपून, जाडसर चिरा.

२. लहान कढईत एक चमचा तूप तापवा. अर्धा चमचा जिरं आणि चार-पाच मिरे टाका. जिरं फुललं की पानं टाका आणि मंद आचेवर परता. पानं आधी पाणी सोडतील, रंग गडद हिरवा होईल, मग आक्रसतील. पाणी आटलं की उतरवा. कच्ची राहिली तर तंबळी घसा धरते, म्हणून इथे घाई करू नका.

३. पूर्ण गार होऊ द्या. गरम वाटण ताकात गेलं तर ताक फाटतं.

४. तीन मोठे चमचे ओलं खोबरं आणि थोडं ताक घालून गंधासारखं बारीक वाटा.

५. दोन वाट्या ताजं, आंबट नसलेलं ताक घ्या. वाटण त्यात मिसळा, मीठ घाला. हाताला पळीवाढं लागलं पाहिजे, कढीपेक्षा किंचित दाट.

६. वरून अर्ध्या चमचा तुपाची मोहरी, हिंग आणि एका सुक्या मिरचीची फोडणी.

तंबळी गरम करायची नाही. मऊ भाताबरोबर, जेवणाच्या सुरुवातीला. दुपारी करावी आणि दुपारीच संपवावी. फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुसऱ्या दिवशीच्या तंबळीला तो वास राहत नाही. आदल्या दिवशी पोट बिघडलं असेल तर मी मिरची आणि मोहरी गाळते, जिरं-हिंगच ठेवते, आणि भात थोडा जास्त शिजवते.

पद्धत चौथी: पाचक

आपल्याकडे पाचक म्हटलं की आल्याचा रस, लिंबू आणि सैंधव. त्यात पानओवा छान बसतो. पाव वाटी आल्याचा रस काढून दहा मिनिटं स्थिर ठेवा, खाली पांढरा साका बसेल, तो टाकून वरचा रस घ्या. त्यात पाव वाटी लिंबाचा रस, अर्धा चमचा सैंधव, दोन चमचे साखर आणि बारीक वाटून गाळलेला चार पानांचा रस मिसळा. काचेच्या स्वच्छ बाटलीत, फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवस. जेवणाआधी एक चमचा तेवढ्याच पाण्यातून. तोंडाला चव नाही, अन्नावर वासना नाही, अशा वेळी हे उपयोगी पडतं. दुकानातलं टिकतं म्हणून घरचंही महिनाभर ठेवायचं, असं करू नका. त्यात टिकवणारं काहीच नाही.

भज्यांबद्दल

पानओव्याची भजी मला मनापासून आवडतात. डाळीच्या पिठात दोन चमचे तांदळाचं पीठ, हळद, तिखट, हिंग, मीठ आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. सोडा लागत नाही. ओवा तर अजिबात घालू नका, पान पुरतं. पान पूर्ण कोरडं असलं की पीठ धरतं. पण तेलात तळलेलं बेसन पोट हलकं करत नाही. पानामुळे भजी थोडी कमी बाधतात इतकंच. फुगलेल्या पोटावर उपाय म्हणून कुणाला भजी देऊ नका.

लहान मुलं

इथे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण याच बाबतीत घराघरांत प्रेमापोटी चुका होतात.

सहा महिन्यांपर्यंत बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय काहीही जाऊ नये. पानओव्याचा रस नाही, गुटी नाही, काढ्याचं बोटही नाही. बाळ रडतं, पाय पोटाशी घेतं, आजीचा जीव तुटतो, हे सगळं खरं. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पाय सायकलसारखे हलवा, पोटावर कोमट हाताने घड्याळाच्या दिशेने गोल चोळा. पान गरम करून त्याचा रस बाळाला चाटवण्याची रीत अनेक घरांत आहे. पण त्या रसात तेलाचं प्रमाण किती हे कुणी मोजत नाही आणि बाळाची गिळण्याची क्रिया अजून कच्ची असते, रस घशात अडकू शकतो. तसंच एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका, रसातून तर नाहीच. मधातल्या काही जिवाणूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात गंभीर आजार होऊ शकतो.

मोठ्या, नीट चावून खाणाऱ्या मुलांना तंबळी भातात कालवून द्या. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिने ती पहिल्यांदा मागून खाल्ली. काढा त्या वयात मी दिला नाही.

मुलाला जुलाब होत असतील तर पानओव्याचा विचारच करू नका. तिथे गरज पाण्याची आणि क्षारांची असते. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. घोट घोट पाजत राहा आणि डॉक्टरांना दाखवा. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर रात्र असली तरी निघा.

कुणी घेऊ नये, आणि कधी पान बाजूला ठेवून दवाखाना गाठावा

गरोदरपणात भजी किंवा तंबळी जेवणातल्या प्रमाणात खाणं वेगळं आणि काढा किंवा रस औषध म्हणून घेणं वेगळं. दुसरी गोष्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जठरात व्रण असलेल्यांनी हे पान टाळावं. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर नेमाने काढा सुरू करण्याआधी विचारा, आणि डॉक्टर "आणखी काय घेताय?" असं विचारतील तेव्हा घरचा काढाही सांगा. "ते काय औषध आहे होय" म्हणून आपण तो लपवतो. पुदिना, तुळस या कुळातल्या पानांनी ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, त्यांनी पहिल्यांदा पानाचा कोपराच चाखून बघावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "गॅस झालाय" हे वाक्य आपल्या घरांत फार पटकन उच्चारलं जातं. आमच्या सोसायटीतले एक काका संध्याकाळी छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणून माझ्याकडे पानं मागायला आले. त्यांचं कपाळ घामाने भिजलेलं होतं आणि डावा हात ते सारखा दाबत होते. मी पान दिलं नाही. त्यांच्या मुलाला हाक मारली, १०८ ला फोन केला. तो हृदयविकाराचा झटका होता. वेळेवर पोचले म्हणून वाचले. तेव्हापासून मी पान मागायला येणाऱ्याला आजीचे प्रश्न विचारते आणि त्यात माझे काही जोडते:

- छातीत दाब, घाम, धाप, किंवा दुखणं हात, जबडा, पाठीकडे जातंय? लगेच १०८. मधुमेही आणि वयस्क माणसांत, बायकांमध्येही, झटका नुसत्या अपचनासारखा वाटू शकतो.
- दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकलंय, हात लावू देत नाही, ताप आहे? अपेंडिक्स असू शकतं.
- शौचातून रक्त, किंवा डांबरासारखी काळी शौच? उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही?
- पोट दगडासारखं कडक, वारा आणि शौच दोन्ही बंद, उलट्या?
- डोळे पिवळे, लघवी गडद?
- कारण नसताना वजन उतरतंय, गिळताना अडकतंय, किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर पोटाची तक्रार पहिल्यांदाच सुरू झाली आणि दोन-तीन आठवडे राहिली?

यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर पान तसंच झाडावर राहू दे.

रोप लावणं आणि सांभाळणं

हे सोपं आहे, म्हणून थोडक्यात. चार-पाच पेरांची फांदी घ्या, खालच्या दोन जोड्यांची पानं काढा, काप एक दिवस सावलीत वाळू द्या म्हणजे कुजत नाही. आठ-दहा इंचाच्या कुंडीत निम्मी माती, पाव भाग शेणखत, पाव भाग जाड वाळू. पेरं मातीत जातील अशी फांदी खोचा. दोन आठवड्यांत ती मूळ धरते.

पाणी बोट खुपसून, इंचभर माती कोरडी लागली तरच. पानओवा पाण्यावाचून क्वचित मरतो, पाण्यानेच जास्त मरतो. कोकणातल्या पावसात कुंडी पागोळ्यांखालून हलवा, नाहीतर जुलैत देठ काळे पडून पाणी होतात. उन्हाळ्यात गच्चीवर दुपारची सावली द्या. भर उन्हात पान लहान, जाड आणि पिवळट होतं, काढ्याला चालतं पण भज्यांना नाही. सकाळचं चार-पाच तास ऊन उत्तम. शेंडे खुडत राहा, झाड पसरतं. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापसाने पुसून काढा. जे झाड आपण खातो त्यावर कीटकनाशक मारू नका.

पानं ऐन वेळी खुडावीत. फ्रीजच्या थंडीत ती काळवंडतात, आणि जाड असल्यामुळे सावलीत वाळवायला गेलं तर वाळण्याआधी कुजतात. परदेशात राहणाऱ्यांना हे रोप क्युबन ओरेगानो किंवा मेक्सिकन मिंट या नावांनी मिळतं. बर्फ पडतो तिथे थंडी सुरू व्हायच्या आधीच ते घरात, ऊन येणाऱ्या खिडकीत घ्या. गोठवणारी एक रात्र त्याला पुरते. आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडापासून उंच टांगा. हे पान त्यांना बाधतं, उलट्या-जुलाब होतात.